धावड्याचा डिंक आणि सानिकाचा प्रश्न

माझे बाबा धावड्यावरून पडले तेव्हा मी चौथीत होते. दरेकसाच्या वरच्या जंगलात धावड्याची झाडं आहेत, पांढरट सालीची. उन्हाळा लागला की सालीला कुऱ्हाडीने खाचा द्यायच्या आणि आठ-दहा दिवसांनी जाऊन खाचेतून फुटलेला डिंक खुडून आणायचा. त्या वर्षी हाताशी येणारा डिंक आमच्या आधीच कोणीतरी नेला होता, म्हणून बाबा वर चढले. मांडीचं हाड मोडलं. जुळलं, पण वाकडं जुळलं. आम्ही दुसऱ्याची बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, बटईने कसत होतो. ती सुटली, कारण चिखलात उभं राहायला दोन धड पाय लागतात. पुढचे दोन पावसाळे आम्ही कणकीवर काढले. गिरणीत तांदूळ तुटतो त्याला कणकी म्हणतात. तिची पेज करायची, वर मीठ टाकायचं आणि पोट भरलं असं म्हणायचं. बाबांच्या जागी माय जंगलात जायला लागली. आठवीपासून मी सालेकशाच्या वसतिगृहात राहिले, पुढे गोंदियाला बीएस्सी केलं, नागपूरला एमएस्सी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, म्हणून इथेही सांगितलं.

आता मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते, आणि कशावर करते तर त्याच डिंकावर. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळला की त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या सुट्या होतात, आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. झिंग्याच्या कवचापासून कायटोसान नावाचा पदार्थ काढतात. तो आंबट पाण्यात विरघळवला की त्याच्या साखळ्यांवर धन भार येतो. दोन्ही एकत्र ओतले की पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि तळाशी एक दाट थर बसतो. विरुद्ध भारांच्या साखळ्यांनी जागोजागी एकमेकींना धरलेलं असतं. डोळ्यांना तो थर निपचित दिसतो, पण आत साखळ्या हलत असतात. कुठे किती वेगाने हलतात, हे शोधणं माझं काम आहे.

ते आम्ही असं बघतो. डिंकाच्या साखळ्यांना चमकणारा रंग जोडायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तीव्र प्रकाशाने एका ठिकाणची चमक मारून टाकायची. तिथे काळा ठिपका पडतो. आजूबाजूच्या चमकणाऱ्या साखळ्या सरकत आत आल्या की ठिपका भरतो. लवकर भरला तर साखळ्या चपळ, उशिरा भरला तर जड.

माझा ठिपका चहा पिऊन येईपर्यंत भरून जायचा. सानिकाचा संध्याकाळपर्यंत तसाच असायचा.

सानिका माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. पुण्याची आहे. तिचे वडील प्राध्यापक, आई प्राध्यापक, आजोबासुद्धा प्राध्यापक होते. एखादी गोष्ट आली नाही तर ती हसत सांगते, 'मला नाही कळलं हे.' मला असं म्हणायला अजून जीभ उचलत नाही. ती गोंदियाच्या व्यापाऱ्याकडचा डिंक वापरते, मी मायने पाठवलेला. मी सगळ्यांना सांगून बसले होते की आमच्या जंगलाचा डिंकच वेगळा आहे. आमच्या मॅडम म्हणाल्या, "एकाच जिल्ह्यातला, एकाच झाडाचा डिंक. असा फरक पडायला कारण पाहिजे. दोघी जा, मूळ माल बघून या. जी कारण शोधेल तिचं नाव शोधनिबंधावर पहिलं."

म्हणून एप्रिलमध्ये मी माझ्याच गावी प्रवासाला निघाले, आणि सोबत जिचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो ती बाई.

गोंदिया

स्टेशनबाहेर तर्रीपोहे खाल्ले. पुण्याची माणसं तर्रीला घाबरतात असं मी ऐकलं होतं, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते. सानिकाने नाक पुसलं आणि दुसऱ्यांदा तर्री मागून घेतली. वर म्हणाली, "नागझिऱ्याला येते तेव्हा इथेच खाते मी."

"नागझिऱ्याला?"

"तीनदा आलेय बाबांबरोबर. वाघीण दिसली होती, दोन पिल्लांसह. तू तर कितीदा गेली असशील."

मी एकदाही गेलेली नाही. जंगलात आम्ही कामाला जायचो, जिप्सीत बसून बघायला कोण जातं. माझ्या जिल्ह्याची वाघीणसुद्धा हिने पाहून ठेवली होती.

डिंकाच्या व्यापाऱ्याचं गोदाम बाजाराच्या मागे. आत तीन-चार बाया जमिनीवर बसून डिंक निवडत होत्या. पिवळा, लाल आणि काळपट असे ढीग, आणि साल चिकटलेला वेगळा. शेठने सानिकाला खुर्ची दिली. एकच खुर्ची होती.

"आप कहाँ से, बिटिया?" त्याने मला विचारलं.

"दरेकसा."

"अच्छा, तो माल लेके आई हो? उधर रख दो, तौल देंगे."

"मैं एमएस्सी हूँ," मी म्हटलं. "हम दोनों एक ही लॅब में हैं."

"अरे, तो बताना था ना." तो कसनुसा हसला आणि दुसरी खुर्ची शोधायला गेला. सानिका उठून उभी राहिली आणि ती खुर्ची येईपर्यंत बसली नाही. चांगुलपणाच होता तो. मला तोही टोचला.

डिंकावर काही करतात का, असं तिने विचारलं. शेठ म्हणाला, "कुछ नहीं. पेड़ से जैसा उतरा वैसा आता है. छानते हैं, छाँटते हैं, बस." म्हणजे तिचा डिंक कोरा होता. आता माझा बघायचा होता.

दरेकसा

दुपारच्या पॅसेंजरने निघालो. सालेकसा गेलं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. मोहाची फुलं संपत आली होती, तरी झाडांखाली फुलं वेचण्यासाठी जाळून स्वच्छ केलेले काळे गोल दिसत होते. सानिका खिडकीला चिकटून होती. हे सगळं कुणाला दाखवावं असं मला आधी कधी वाटलं नव्हतं, आणि आता जिला दाखवत होते ती माझ्यापेक्षा नीट बघत होती.

माय दारातच उभी होती.

"काऊन वो हेमे, एवढी वाळली? खात नाही का तिकडं?" मग सानिकाकडे बघून, "ये बाई, बस. घाम आला पोरीले."

"नमस्कार काकू."

"काकू कायची, मावशी मन."

बाबा खाटेवरून काठी टेकत उठले. पाच मिनिटं झाली असतील, त्यांनी विचारलंच, "तुह्या निबंधावर नाव पयलं येईन ना? मी पानठेल्यावर सांगून बसलो सगळ्याइले."

"बघू, बाबा."

"बघू काय? डिंक आपला आहे ना?"

सानिका तेव्हा पाणी पीत होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि तळ्यातल्या सुक्या झिंग्यांची चटणी. चटणीचा वास उग्र असतो. सानिका ती बाजूला सारेल आणि मग मला तिच्याबद्दल एक गोष्ट मनात धरून ठेवता येईल, असं मी ठरवलं होतं. तिने दोनदा घेतली. मायने मग डिंकाचा लाडू तिच्या ताटात ठेवला. सानिका ताटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हेमलता, बघ ना. झिंग्याचं कवच इकडे, धावड्याचा डिंक तिकडे. आपला सगळा प्रयोग या ताटात आहे."

मी त्या ताटात लहानपणापासून जेवले आहे. हे मला सुचायला हवं होतं.

मायने विचारलं, "कोनता प्रयोग? हे तं काही सांगत नाही. इचारलं का मनते, रसायन आहे, तुले नाही समजनार."

ते खरं होतं. मी तसंच म्हणायची. सानिकाने खुंटीवरच्या दोन सुतळ्या घेतल्या आणि मायच्या समोर मांडी घालून बसली. "ही डिंकाची साखळी, मावशी. ही झिंग्याची. दोघींना एकमेकींची ओढ. इथे धरतात, इथे धरतात, इथेही."

"एवढं धरून ठेवलं तं हालन कशी?"

"हळूहळू. एका ठिकाणची पकड सुटते, तेवढी सरकते, पुढे परत धरते. तोवर बाकीच्या पकडी धरलेल्याच असतात."

माय म्हणाली, "मंजे धानाच्या रोवण्यात बाई चालते तशी. चिखलात दोनी पाय एकदम निघत नाही. एक काढाचा, ठेवाचा, मंग दुसरा."

"हो, अगदी तशी."

"आन बांधीत पानी जास्त सोडलं का पाय लवकर सुटते."

सानिकाने वही काढली आणि ते लिहून घेतलं. दोन वर्षं मी व्याख्यानांत, अर्जांत, मुलाखतींत या साखळ्यांची चाल समजावण्यासाठी धडपडत होते. माझ्या आईकडे ती दहा मिनिटांत होती, आणि ती दुसरीच्या वहीत गेली. मी भांडी उचलली आणि मागच्या अंगणात जाऊन जरा जास्तच जोराने घासली.

दरेकसा, दुसरा दिवस

उजाडताच निघालो. माय पुढे, हातात कुऱ्हाड, डोक्यावर टोपली. अस्वल मोहाखाली असतं म्हणून ती मध्येच कुऱ्हाडीचा दांडा झाडावर आपटायची. सानिकाने नवे बूट घातले होते, आणि अर्ध्या वाटेत तिच्या टाचेला फोड आला. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. तिने बूट काढून हातात घेतले आणि मायच्या पावलावर पाऊल टाकत अनवाणी चालली. मायने तिला टेंभरं तोडून दिली. पिकलेलं टेंभर चिकूसारखं लागतं, बिया मात्र थुंकाव्या लागतात. कोणाची बी लांब जाते यावर दोघी हसत होत्या. मी मागून चालत होते.

धावडे आले. माझ्यातलं काही दाखवायची हीच जागा होती. मी कुऱ्हाड घेऊन साल कशी तिरपी उचलायची ते दाखवलं, आतल्या लाकडाला धक्का लागला तर झाड रडत नाही, वाळतं, हेही सांगितलं. सानिका मन लावून ऐकत होती. मग वाकली आणि मायने आधी दिलेल्या खाचेतून सुपारीएवढा, मधासारखा पारदर्शक खडा खुडून तिने विचारलं, "हा चालेल?" एवढा चांगला खडा मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"हात गुनाचा आहे पोरीचा," माय म्हणाली.

दुपारी घरी आलो. मायने डिंक सुपात पसरला, काड्या निवडल्या आणि दोन वाटे केले. एक वाटा तिने गोणपाटात बांधून दाराशी ठेवला. दुसऱ्यासाठी चुलीमागून एक डबा आणला. फडक्यातून गाळलेली राख होती त्यात, पिठासारखी मऊ. डिंकाचे खडे तिने त्या राखेत घोळायला घेतले. मी माठातलं पाणी काढत होते. बियाण्याला राख लावतात, तूर राखेत ठेवतात, हे सगळं लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं, म्हणून मला त्यात काही दिसलंच नाही.

सानिकाने विचारलं, "मावशी, राख का लावता?"

"हा हेमाचा वाटा ना. पावसात डिंक घामेजते, एकमेकाले चिकटून त्याचा गोळा होते. राख लावली का सुटा राहते. मंग पाठवाच्या दिवशी सुपात पाखडतो, फडक्यानं पुसतो, आन पाठवतो."

"आणि तो दाराजवळचा?"

"तो शेठचा. त्याले कायले राख? तो तं उद्याच जाते. राख फक्त माह्या पोरीच्या डिंकाले."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. खडा पुसला तरी चिरांमध्ये राख राहते. आमच्या आंबट पाण्यात ती विरघळली की मीठच तयार होतं. आणि मिठाचे सुटे भार साखळ्यांच्या पकडीत शिरतात. डिंकाने कायटोसानला धरायचं, तिथे मिठाचा कण येऊन बसतो. पकडी सैल होतात, साखळ्या भराभर सरकतात, काळा ठिपका चहा पिऊन येईपर्यंत भरतो. बांधीत पाणी सोडलं होतं.

मीठ काढून टाकायची रीत असते. डिंकाचं द्रावण पातळ पडद्याच्या पिशवीत भरून ती तीन दिवस शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं. सानिकाने ते प्रत्येक वेळी केलं. मी एकदाही नाही. मी नुसता गाळून घेतला. वहीत 'गाळून घेतला' असंच खरं लिहिलं आहे, पण का, ते लिहिलं नाही. घरचा डिंक, मायच्या हातचा, व्यापाऱ्याचा थोडाच, त्याला काय धुवायचं, असं मला वाटलं होतं.

मी वर बघितलं तेव्हा सानिका माझ्याकडेच बघत होती. तिला कळलं होतं. माझ्या एक क्षण आधी.

"काही बिघडलं का वो?" मायने दोघींकडे बघत विचारलं.

"नाही मावशी, उलट सापडलं," सानिका म्हणाली.

ते मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मले कधी सांगितलं काऊन नाही?"

"तू कधी इचारलं?" मायने राखेचे हात झटकले. "गोळा होऊन आला असता तं तूच मनली असती, मायनं खराब माल पाठवला."

कोहमारा

परतीची गाडी रद्द झाली म्हणून गोंदियाहून नागपूरची बस धरली. कोहमाऱ्याच्या चौकात तिचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला, तासभर तरी लागेल. चौकात ढाबे आहेत, ट्रकांची रांग असते. आम्ही बाकावर बसलो आणि चहा सांगितला. सानिकाने टाचेवर पट्टी बदलली.

"मॅडमना मी सांगते, हेमलताने शोधलं म्हणून," ती म्हणाली.

"काऊन?" तिच्याशी पहिल्यांदा मी गावच्या बोलीत बोलले.

"तुझा डिंक, तुझी आई, तुझं घर. मी फक्त विचारलं. आणि काका पानठेल्यावर..."

म्हणजे तिने ऐकलं होतं.

खोटं बोलत नाही, त्या क्षणी मला ते हवं होतं. बाबा पानठेल्यावर निबंध दाखवतायत, पहिल्या नावावर बोट ठेवून, हे मला दिसलं. हो म्हटलं असतं तर कोणाचं काही गेलं नसतं. तिचं तर नाहीच. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तिला पहिलं नाव देऊन टाकणं परवडत होतं. तिच्या घरी छापलेल्या नावांनी कपाट भरलं असेल.

"विचारणं हेच शोधणं असतं," मी म्हटलं. "मी त्या घरात वाढले आणि विचारलं नाही. जे माझं नाही ते मला नको."

"चिडलीस?"

"चिडले नाही. जळते."

ती हसेल असं वाटलं, पण हसली नाही. "मी पण जळते," म्हणाली. "माझी आई मला काही पाठवत नाही. डिंक तर सोडच, लाडूसुद्धा नाही. विचारते, मार्क किती."

मी मायने बांधून दिलेली पिशवी उघडली आणि लाडू दोघींत अर्धा अर्धा केला. तिच्या वाट्याला जरा मोठा तुकडा गेला. तेही मी पाहिलं.

नागपूर

परत आल्यावर मॅडमना सगळं सांगितलं, पडद्याच्या पिशवीचंसुद्धा. त्या रागावल्या, जितकं रागवायला हवं तितकं. मग मी राखेचा डिंक घेतला, तीन दिवस पाण्यात ठेवला, पाणी बदललं, आणि प्रयोग केला. काळा ठिपका संध्याकाळपर्यंत तसाच राहिला, सानिकाच्या ठिपक्यासारखा. आमच्या जंगलाचा डिंक वेगळा वगैरे काही नाही. त्याला वेगळं केलं होतं ते मायच्या राखेने.

एवढ्यावर माझ्याकडे काहीच उरलं नसतं. म्हणून मी त्याच धुतलेल्या डिंकात मोजून मीठ घालायला सुरुवात केली. आधी चिमूट, मग जास्त, मग आणखी. प्रत्येक पायरीला ठिपका आधीपेक्षा लवकर भरला. शेवटच्या पायरीला मात्र थरच राहिला नाही. पकडी इतक्या सुटल्या की सगळं परत पाण्यात मिसळून गेलं. सानिकाच्या जड साखळ्या आणि माझ्या चपळ साखळ्या एकाच वाटेवरची दोन ठिकाणं निघाली, आणि मधली सगळी वाट मी मोजली. ते काम करायला पावसाळा गेला. सानिका मदत करते म्हणाली, मी नको म्हटलं.

माय आता दोन पिशव्या पाठवते. एकीला पांढरी गाठ, कोरा डिंक. दुसरीला काळी, राखेचा. "लागन तं असू दे," म्हणते.

हेवा गेलेला नाही. परवा सानिकाने एका सभेत साखळ्यांची चाल रोवण्यातल्या बाईवरून समजावली आणि सांगितलं, हे माझ्या मैत्रिणीच्या आईचं वाक्य आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, थोड्या उशिरा.

निबंध छापून आला आहे. पहिलं नाव सानिकाचं, दुसरं माझं, शेवटी मॅडमचं. मिठाच्या पायऱ्यांची आकृती माझी आहे. आमच्या घरातलं छापलेलं हे पहिलं नाव. बाबांनी तो कागद पानठेल्यावर नेला आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवून दाखवला.